बाभळीला सलाम

"हात वर कर वं बाई. झाड नसलं म्हणून काय झालं?"

सुशीलाबाई आपल्या मुलीच्या कानाशी कुजबुजल्या होत्या, पण मी त्यांच्या मागच्याच फळीवर बसले होते. मुलगी सात वर्षांची, दुसरीतली. तिने समोरच्या मोकळ्या पाण्याकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं आणि निमूटपणे हात कपाळाला लावला. डोंग्यातल्या बाकीच्या पोरांनीही लावला. वल्हवणाऱ्या संतोषने दोन्ही वल्ही गुडघ्याखाली दाबून धरली आणि एक हात मोकळा करून लावला. मागे लांब वल्ह्याच्या दांड्यापाशी उभे असलेले कप्तान ताठ झाले, खाकी कोटाची कॉलर सारखी केली आणि परेडच्या मैदानात असल्यासारखे म्हणाले, "गावाले सलाम."

समोर काहीच नव्हतं. तीन दिवसांपूर्वी, मार्चमधल्या अवकाळी वादळात, ती बाभूळ मुळासकट आडवी होऊन पाण्याखाली गेली होती. दोन्ही काठांवरच्या माणसांना ते ठाऊक होतं. कप्तानांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांना स्वतःला ते दिसलं नव्हतं.

मीही हात कपाळाला लावला.

मी तेव्हा त्या गावची ग्रामसेविका होते. पहिलीच नेमणूक. कप्तान सरपंच होते. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि नवं गाव अलीकडच्या टेकाडावर बसलं. पण काही घरांची शेतं पलीकडे वाचली, म्हणून ती माणसं पलीकडेच राहिली. त्या तीसेक घरांना सगळे नुसतं 'वस्ती' म्हणतात. वस्तीवरून गावच्या शाळेत यायचं तर धरणाला वळसा घालून सोळा किलोमीटर, तेही जीप मिळाली तर. डोंग्याने पंधरा मिनिटं. डोंगा म्हणजे लाकडी नाव. तो कप्तानांनीच बांधलेला, त्याची दिशा तेच धरायचे, आणि वस्तीवरची अकरा पोरं रोज त्यातून शाळेत यायची-जायची. मीही कामासाठी आठवड्यातून दोनदा त्यातून जायचे.

बाभूळ जुन्या चावडीसमोरची होती. चावडीचा दगडी ओटा तिच्या बुंध्याशी, पाण्याखाली, अजून जसाच्या तसा आहे. पावसाळ्यानंतर तो दोन पुरुष खोल असतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येत येत वीतभर अंतरावर येतो, तरी गढूळ पाण्यात दिसत नाही. बाभूळ डाव्या हाताला ठेवली की डोंगा ओट्याला चुकवून जायचा. बुडालेल्या गावातली पाण्यावर उभी राहिलेली झाडं कप्तानांनी पुढे तोडायला लावली होती, डोंग्यांना लाकूड हवं होतं म्हणून. ती एक ठेवली होती, वाट कळावी म्हणून. वाळून काळी पडलेली, एकही पान नसलेली ती बाभूळ इतकी वर्षं पाण्यात उभी होती.

कप्तानांचे वडील वाढई, म्हणजे सुतार. बैलगाड्या करणारं घर. गाव उठलं, शेतं गेली, शेतांबरोबर गाड्यांचं कामही गेलं. कप्तानांनी तोवर एकही नाव जवळून पाहिली नव्हती. पण समोर एवढं पाणी आणि हात रिकामे, म्हणून त्यांनी एका जुन्या गाडीचा फळ्यांचा साटा घेतला, फटी बुजवल्या आणि पाण्यात लोटला. त्यांचा पहिला डोंगा म्हणजे चाकं काढलेली बैलगाडीच होती. धुरासुद्धा तशीच पुढे आलेली. ती गाडी पाण्यात जागच्या जागी गोल फिरत राहिली आणि काठावरून लोक ओरडले, "बैल जुंपा, बैल." ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "बैल असते तं त्यायनं मले वढून तरी काढलं असतं. मले पोहत या लागलं."

मग ते संतोषच्या आज्याकडे जाऊन बसले. म्हातारा पैनगंगेवर मासे धरायचा आणि स्वतःचे डोंगे स्वतः बांधायचा. दोन वर्षं त्यांनी त्याच्या हाताखाली काढली. त्यानंतर धरणावर जेवढे डोंगे फिरले ते बहुतेक यांच्या अंगणातून निघाले. फासळ्या बाभळीच्या, फळ्या सागाच्या, सांध्यांत कापसाची वात आणि वरून गरम डांबर. कापूस घरचा. डांबर धाड गावच्या बाजारातून, आणि तेही त्यांच्या ठरलेल्या माणसाकडूनच. तो नसला तर पुढच्या बाजारापर्यंत थांबायचे.

नवा डोंगा तयार झाला की ते तो पाण्यात लोटत नसत. जमिनीवरच दोन लाकडांवर टेकवून काठोकाठ पाण्याने भरत आणि भोवती फिरत. जिथून थेंब निघेल तिथे खडूची खूण. "धरणात गेल्यावर आत येणारं पाणी माणसाले बुडवते," ते म्हणायचे. "इथं भरलं तं फक्त माती वली होते."

हीच रीत त्यांनी ग्रामसभेत आणली. मी रुजू झाले त्या महिन्यात मला वाटलं, हे सगळे मिळून माझी थट्टा करताहेत. ठराव वाचून झाला की कप्तान मतदान घेत नसत. विचारत, "पाणी कोण भरते?" म्हणजे या ठरावात खोट कुठे आहे ते कुणीतरी उभं राहून सांगायचं. कुणी बोललं नाही तर ठराव पुढे सरकायचाच नाही. कप्तान तंबाखू मळत बसायचे. मग लोक कंटाळून काहीही काढायचे. नव्या हातपंपाच्या ठरावाला एकाने हरकत घेतली, की दांडा करकरला तर शेजारच्या म्हातारीची झोप मोडेल.

"एक थेंब निघाला," कप्तान गंभीरपणे म्हणाले. "बुजवा. मॅडम, लिहा, दांड्याले महिन्यातून एकदा ग्रीस."

मी लिहिलं. आजही त्या पंपाला महिन्यातून एकदा ग्रीस लागतं.

पण एकदा साठवण तलावाची जागा ठरली होती, सगळे खूश होते, आणि कुणीतरी असंच वेळ घालवायला म्हणालं की तिथे खाली मुरूम आहे, पाणी टिकायचं नाही. खड्डा घेऊन पाहिला. मुरूमच होता. तेव्हापासून मी त्या प्रश्नाला हसणं सोडलं.

मी बुलडाण्याला इंग्रजी शाळेत शिकले. मराठी घरात बोलायची, ती वेगळी, आणि इतिवृत्तात लिहायची ती वेगळी, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. चार माणसांसमोर मराठीत उभं राहिलं की माझा घसा कोरडा पडतो. खरं सांगायचं तर इंग्रजीतही पडायचा, पण शाळेत तो चांगल्या वळणाचा भाग समजला जायचा. माझ्या पहिल्या सभेत मी इतिवृत्त वाचलं तेव्हा मागून आवाज आला, "मुकी धाडली काय बे या खेपेले?"

कप्तानांनी त्या दिशेला मान वळवली. "याच्या पहिलेच्या खेपेले तोंडाळ ग्रामसेवक होता. तो काय बोलला ते आठवते का कोणाले?"

कुणाला आठवत नव्हतं.

"मंग आता आयका."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आवाज वाढला नव्हता, पण सभेतल्या बायकांनी पोरांना गप्प केलं होतं.

मी त्यांना 'सर' म्हणायची. त्यांना ते चालत नसे. "सर शाळेत हायेत. मले कप्तान म्हणा." सत्तरी ओलांडलेल्या माणसाला अशी हाक मारायला माझी जीभ वळेना. म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नसे. समोर जाऊन उभी राहायची आणि ते माझ्याकडे पाहीपर्यंत थांबायची. माझ्या पुढच्या दीड-दोन वर्षांत हे थांबणं हळूहळू लांबत गेलं. मला वाटायचं, ते कामात आहेत.

ते सरपंच कसे झाले हे पंचायतीचे शिपाई करीमभाई रंगवून सांगत. अर्ज भरताना कप्तानांनी नावेचं चिन्ह मागितलं होतं. यादीत नाव नव्हती. मिळाली छत्री. "पाण्यातल्या मानसाले छत्री कायले?" म्हणून ते तिथेच वाद घालत बसले. मग दुसऱ्या दिवशी बाजारातून मोठी काळी छत्री आणली, डोंग्यात उभी बांधली, आणि वारा भरल्यावर वल्हं न मारता वस्तीवर जाऊन पोचले. वस्तीची सगळी मतं पडली. "विरोधकायची कपबशी होती, मॅडम," करीमभाई म्हणाले. "कपबशीत बसून कोन कुठं जाईन?"

'कप्तान' हे मात्र सरपंचकीच्या आधीचं. गावात ग्रामरक्षक दल उभं राहिलं तेव्हा त्याचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं. खाकी कोट तेव्हाचा. बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून घेतलेला, पितळी बटणांचा. एक बटण गेलं होतं, तिथे त्यांनी स्वतः कातलेलं लाकडी बटण लावलं होतं, आणि तेच सगळ्यात चकचकीत होतं. दलातली पंधरा पोरं त्यांनी डोंग्यासारखी चालवली. 'डावं वळ' म्हणायच्या ऐवजी 'डावं वल्हं'. करीमभाईही त्या दलात होते, आणि पुढची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. मी येण्याच्या तीन-चार वर्षं आधीची.

त्या दिवसांत मोबाईलवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. कुठले, कधीचे, कुणाला माहीत नाही. अशात एका दुपारी दोन परकी माणसं डोक्यावर गोधड्यांचे गठ्ठे घेऊन गावात शिरली. एकाने एका पोराला बिस्किट दिलं. अर्ध्या तासात धरणाच्या उतारावर सगळं गाव जमलं, आणि बऱ्याच हातांत दगड होते.

"माह्याबी हातात होता," करीमभाई म्हणाले. हे सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. "मंग शिट्टी वाजली."

शिट्टी वाजली की गोळा व्हायचं, एवढं दलातल्या पोरांच्या अंगवळणी पडलं होतं. कप्तानांनी त्या दोघांभोवती कडं करायला सांगितलं. लोकांना वाटलं, धरले. पण कड्यातल्या पोरांची तोंडं कप्तानांनी बाहेर करायला लावली होती, गावाकडे.

"हे माहे कैदी हायेत," ते म्हणाले. "कैद्याले तुरुंगात न्या लागते. अन् तुरुंग तिकडं हाय." त्यांनी डोंग्याकडे बोट केलं.

त्या दोघांना गठ्ठ्यांसकट डोंग्यात बसवून ते आत गेले आणि थेट बाभळीला दोर बांधून थांबले. काठावर आरडाओरडा. पोहणारे पुष्कळ होते, पण कप्तानांच्या डोंग्याकडे पोहत जायची कुणाची छाती झाली नाही. तीन तास ते तिथे बसून राहिले. उन्हात. ती दोन माणसं रडत होती, तर कप्तानांनी त्यांना गोधडीचे टाके कसे घालतात ते विचारायला सुरुवात केली आणि फळीवर अंथरायला एक गोधडी विकत घेतली. पोलिसांची गाडी आली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती आणि दगड सगळ्यांच्या हातांतून गेले होते.

काठाला लागण्याआधी कप्तानांनी बाभळीचा दोर सोडला, उभे राहिले आणि तिला सलाम ठोकला. काठावर आल्यावर कुणीतरी विचारलं, झाडाले काऊन सलाम?

"झाडाले नाही, गावाले," ते म्हणाले. "आज गाव तेवढं त्या झाडापाशीच उरलं होतं."

त्यानंतर बाभळीजवळून जाताना डोंग्यातल्या प्रत्येकाने हात वर करायचा, अशी रीत पडली. कप्तानांनी सक्ती केली नव्हती. मोठी माणसं आपणहून करायची, काही जण मान खाली घालून. लहान पोरांना ती गोष्ट माहीत नव्हती, त्यांना तो खेळ वाटायचा. गोधडी अजून डोंग्याच्या पुढच्या फळीवर असते. सगळ्यात लहान पोरं तिच्यावर बसतात. प्रत्येकाच्या कमरेला गाडीच्या ट्यूबचा फुगवलेला तुकडा, कप्तानांनी कापून, चिकटवून, पाण्यात दाबून पाहिलेला. त्याशिवाय ते कुणाला डोंग्यात पाय टाकू देत नसत, मलाही नाही. माझी त्या काळ्या फुग्यातली अवस्था पाहून पोरं हसायची आणि मला ते आवडायचं.

बाभूळ पडल्यावर ती रीत तशीच चालू राहिली. ज्या माणसाने आपल्याला त्या दिवशी वाचवलं, त्याला आपण काय सांगायचं, असं मोठ्यांना वाटत असावं. दोघांना वाचवलं असं बाहेरचे म्हणतात. गावातले लोक तसं म्हणत नाहीत.

कप्तानांना कमी दिसतं हे सगळे धरून चालले होते. "मोतीबिंदू हाय. पावसाळा झाला की काढून घेईन," हे त्यांचं वाक्य प्रत्येकाने ऐकलेलं. मी ते दोन पावसाळे ऐकलं. नोंदवहीवर सही करायची तर ते मला म्हणत, "कुठं करू, बोट ठेवा." माझ्या बोटाला पेनाचं टोक टेकवून ते सही करायचे, आणि सही सरळ यायची. सभेत मला काही सुचवायचं असलं की मी चिठ्ठी लिहून करीमभाईंच्या हाती द्यायची. कप्तान ती न वाचता वरच्या खिशात ठेवून म्हणत, "चिठ्ठीनं पाणी भरत नाही, मॅडम. तोंडानं भरा." मला तो धडा वाटायचा. मी खजील होऊन बसायची.

मार्च संपताना मी कपाटातल्या जुन्या फाइली लावत होते. घरपट्टीच्या पावत्यांमध्ये एक घडी घातलेला कागद सापडला. नेत्रशिबिराचा. कप्तानांचं नाव, वय, आणि खाली इंग्रजीत चार ओळी. डॉक्टरी अक्षर, पण मला लागलं. मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, फार पुढे गेलेला. नस वाळली आहे, शस्त्रक्रियेने गेलेली दृष्टी परत येणार नाही, उरलेली टिकवायला थेंब चालू ठेवावेत. कागद दोन वर्षांपूर्वीचा.

पंचायतीत हा कागद वाचू शकेल असं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. डॉक्टरांनी त्यांना तोंडी सांगितलंच असणार, नाहीतर कागद इथे कशाला दडवतील? आणि दडवायचा तर फाडून का टाकला नाही? ज्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते तिथेच का ठेवला? मी तो होता तसा घडी घालून ठेवून दिला. दुसऱ्याच्या आजाराबद्दल बोलायचा मला काही हक्क नाही, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला फक्त बोलायचं नव्हतं.

एप्रिलच्या मधल्या आठवड्यात डोंगा घासला.

शाळा सुटल्यावरची फेरी होती. पाणी बरंच उतरलं होतं. कप्तान वल्ह्यांचे आवाज मोजत चालवतात हे मला तोवर कळलं होतं. त्यांचे ओठ हलायचे. सत्तराव्या की ऐंशीव्या वल्ह्याला ते दिशा बदलत आणि सलाम देत. त्या दिवशी समोरून वारा होता आणि संतोषचं वल्हं नेहमीसारखं पाणी कापत नव्हतं. कप्तानांचा आकडा भरला, त्यांनी दिशा बदलली. आम्ही हात कपाळाला नेले, आणि खालून दगडावर फळी घासल्याचा लांब आवाज आला. डोंगा एका अंगाला कलला. गोधडीवर बसलेली सुशीलाबाईंची मुलगी घसरली आणि तिचं दप्तर पाण्यात गेलं. संतोषने वल्हं दगडाला टेकवून आम्हाला मागे ढकललं.

"मोठा मासा होता," कप्तान म्हणाले.

पोरं हसली. सुशीलाबाईंनी मुलीला पोटाशी धरलं होतं आणि त्या हसत नव्हत्या. मी संतोषकडे पाहिलं. त्याने मान फिरवली.

पलीकडे उतरल्यावर सुशीलाबाई माझ्याजवळ आल्या. "मॅडम, तुमी शिकेल हा. तुमी सांगा ना त्यायले."

"तुम्ही का नाही सांगत?"

"माहा मालक त्या दिवशी दगड घेऊन उभा होता," त्या म्हणाल्या. "माह्या तोंडानं कसं सांगू? त्यायच्या हातून डोंगा काढला तं त्यायच्यापाशी काय राह्यते?"

दुसऱ्या दिवशी रविवार. कप्तानांनी डोंगा काठावर ओढायला लावला, लाकडांवर टेकवला आणि पाण्याने भरला. मी करीमभाईंबरोबर तिथे गेले होते. कप्तान खाली उकिडवे बसून बुडावरून तळहात फिरवत होते. पहिल्या फळीपासून, न घाई करता. पुढच्या बाजूला, चौथ्या फळीच्या सांध्यावर त्यांचा हात थांबला. बोटं ओली झाली. आम्हा दोघांनाही ती चीर दिसली नव्हती.

"मॅडम, खडू द्या."

मी दिला. त्यांनी खूण केली. मग कितीतरी वेळ तिथेच, चिरेवर हात ठेवून बसून राहिले. "ओटा होता ना?" त्यांनी विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही. करीमभाई म्हणाले, "मासाच असन, कप्तान." मी खडू परत घेतला.

कप्तानांनी मान हलवली आणि कापूस मागितला.

एक मेची ग्रामसभा सकाळी शाळेच्या व्हरांड्यात भरते. झेंडावंदन झालं की लागलीच. वर्षभर डोंगा कुणाच्या हाती राहणार हा ठराव याच सभेत होतो. शाळा जूनच्या शेवटी उघडते, आणि तेव्हा पाणी वर्षातलं सगळ्यात खाली असतं. ओटा नुसत्या हाताला लागेल इतकं. हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. संतोष खांबाला टेकून उभा होता. डोंगा त्याला देता येईल, हेही सगळ्यांना माहीत होतं, त्याला धरून.

टँकर, गटार, अंगणवाडीची खिडकी. सगळ्यांत पाणी भरून झालं, थेंब बुजवून झाले. मग कप्तान उभे राहिले. हा ठराव ते पाठ म्हणायचे.

"डोंगा यंदाबी माह्याच हाती राहीन. पोरायले नेणं-आणणं मीच करीन." त्यांनी घसा खाकरला. "पाणी कोण भरते?"

मागून एकजण म्हणाला, "डोंग्याले रंग द्या लागते, कप्तान. लय कळकट दिसून राह्यला."

"एक थेंब. बुजवा. अजून?"

सुशीलाबाई जमिनीकडे पाहत होत्या. मुलगी त्यांच्या मांडीवर चिंचोके मोजत होती. माझ्या हातात चिठ्ठी तयार होती. रात्रीच लिहिली होती, इंग्रजीत विचार करून मराठीत, तीन वेळा खाडाखोड करून. त्यात डोळ्यांचं काही नव्हतं, फक्त 'संतोषकडे जबाबदारी देण्याबाबत विचार व्हावा' एवढंच. मी ती करीमभाईंना दिली. करीमभाईंनी कप्तानांना दिली. कप्तानांनी ती बोटांत धरून चाचपली आणि वरच्या खिशात, लाकडी बटणाच्या आत, सरकवली.

"चिठ्ठीनं भरत नाही, मॅडम." मग सभेकडे वळून पुन्हा, "कोण भरते?"

एरवी ते दोनदा विचारत आणि नंतर तंबाखू काढत. त्या दिवशी त्यांनी तंबाखूची पिशवी काढली नाही. तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी आवाज वेगळा होता, एखादा माणूस बंद दारावर हळू थाप मारतो तसा.

"कोणीतरी भरा, बापा."

त्यांचं तोंड माझ्या दिशेला होतं. अगदी माझ्याकडे नाही. मी बसले होते त्याच्या हातभर डावीकडे, जिथे भिंतीवर मुलांनी काढलेला नकाशा होता, तिकडे ते पाहत होते आणि माझी वाट पाहत होते.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, आणि त्यांचा चेहरा त्या आवाजावर येऊन बरोबर माझ्यावर स्थिरावला. मला कपाटातला कागद आठवला. तो मी बोलणार नव्हते. तो त्यांचा होता. मागे कुणी हसलं नाही. करीमभाईंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कप्तान," मी म्हणाले, "बाभूळ पडली आहे. दीड महिना झाला. आम्ही सगळे नुसत्या पाण्याला सलाम करतोय."